भूत घरी येतं तेव्हा

पडद्यावर भूत आलं की आपण सावरून बसतो. वारा सुटतो, दार करकरतं, संगीत चढतं. मणी कौल यांचा 'दुविधा' (१९७३) पाहताना मात्र असं सावरून बसायची वेळच येत नाही.

विजयदान देथा यांच्या कथेवरचा हा चित्रपट राजस्थानात, देथांच्याच बोरुंदा गावी चित्रित झाला. सासरी निघालेल्या नवरीवर झाडावरचं भूत भाळतं. नवऱ्याचं डोकं हिशेबात; लग्न होताच तो पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. मग भूत त्याचंच रूप घेऊन घरी येतं. दोन्ही भूमिका रवी मेनन यांच्या. चेहरा तोच, आणि कॅमेराही दोघांकडे एकाच नजरेनं पाहतो. मधूनच चित्र गोठतं, एखाद्या जुन्या लघुचित्रासारखं, आणि आपणही थबकतो.

जादुई वास्तववाद म्हणतात तो हा. अद्भुत घडतं, पण त्याचं नवल कुणी करत नाही. रोज सोन्याच्या मोहरा हाती पडू लागल्यावर सासरा तरी मुलगा धंदा सोडून का परतला, हे कशाला विचारील? नवरीला मात्र भूत खरं काय ते सांगून टाकतं. निवड तिची. तिची दुविधा ही!

याच कथेवर अमोल पालेकरांनी २००५ मध्ये 'पहेली' केला. त्यात बोलक्या कठपुतळ्या आहेत, रंगांची उधळण आहे, आणि शेवटी भूत नवऱ्याच्या देहात शिरून तिला पुन्हा भेटतं. कौलांकडे धनगर भुताला चामड्याच्या पिशवीत कोंडतो. नवरी खऱ्या नवऱ्याजवळ उरते. या वेळी तिला कुणी काही विचारत नाही.