गर्दीतला पहिला माणूस

शरद ऋतूतील जबलपूरची रात्र ज्यांनी एकदा अनुभवली आहे, त्यांना ती सहसा विसरता येत नाही. नवरात्रात दुर्गामूर्तींच्या दर्शनासाठी आसपासच्या गावांतून माणसांचे लोंढे शहरात येतात. कुटुंबेच्या कुटुंबे लेकराबाळांसह रात्री उशिरापर्यंत या मंडपातून त्या मंडपात पायी फिरतात. दसऱ्याचा चल समारोह पाहण्यासाठी रस्त्याच्या दुतर्फा गर्दी दाटते. पुढे शरद पौर्णिमेच्या सुमारास भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांवर चांदणे उतरते आणि नर्मदा महोत्सवाचे सूर घुमू लागतात. या जुन्या रात्रींमध्ये आता गरब्याची मैदाने, उशिरापर्यंत उघडी राहणारी उपाहारगृहे आणि ३१ डिसेंबरच्या मेजवान्या यांची भर पडली आहे.

अशा रात्री माहेरी आलेली लेक, वसतिगृहात राहणारी विद्यार्थिनी किंवा कामावरून परतणारी गृहिणी निर्धास्तपणे हिंडू शकते का? या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरावीक उत्तर दिले जाते, ‘मुलींनी रात्री बाहेर पडूच नये.’ परंतु हे उत्तर म्हणजे चोराला सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखे आहे. रात्रीच्या गर्दीत त्या मुलीच्या आजूबाजूला शेकडो लोक असतात. त्यांनी काय करावे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

अंबोलीची ती रात्र

या शेकडो लोकांच्या असण्या-नसण्याचे मोल किती, हे मुंबईतील एका घटनेने दाखवून दिले. २० ऑक्टोबर २०११ रोजी रात्री अंधेरीतील अंबोली भागात काही तरुण-तरुणी जेवण आटोपून उपाहारगृहाबाहेर उभी होती. एका इसमाने त्यांच्यातील मुलींची छेड काढली. कीनन सांतोस आणि रूबेन फर्नांडिस या दोघा मित्रांनी त्याला हटकले. तो इसम निघून गेला आणि थोड्याच वेळात साथीदारांना घेऊन परतला. त्यांच्या शस्त्रांच्या वारांनी कीनन त्याच रात्री गेला; रूबेनने ३१ ऑक्टोबरला प्राण सोडले. रस्ता निर्मनुष्य नव्हता. माणसे होती, परंतु ती पाहत राहिली. मे २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने चौघा आरोपींना जन्मठेप सुनावली.

या घटनेतून अनेकांनी ‘दुसऱ्याच्या भानगडीत पडू नये’ असा बोध घेतला. वस्तुतः बोध नेमका उलटा आहे. कीनन आणि रूबेन यांनी विरोध केला, ही चूक नव्हती. त्या विरोधात त्यांच्या बाजूला आणखी दहा माणसे उभी राहिली नाहीत, ही खरी शोकांतिका होय.

माणसे पाहत का राहतात?

पाहत राहणारा प्रत्येक जण पाषाणहृदयी असतो, असे मानण्याचे कारण नाही. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लताने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. शेजारच्या खोलीतील व्यक्तीला झटका आल्याचा आवाज ऐकू येतो आहे, असा देखावा त्यांनी निर्माण केला. तो आवाज आपल्या एकट्यालाच ऐकू येत आहे असे ज्यांना वाटले, त्यांच्यापैकी ८५ टक्के लोक झटका ओसरण्यापूर्वीच मदतीसाठी धावले. आणखी चौघांना तो ऐकू येत आहे असे ज्यांना वाटले, त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्क्यांवर घसरले. जबाबदारी वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला ती थोडीच येते. शिवाय प्रत्येक जण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. दुसरा स्वस्थ दिसला की ‘विशेष काही नसावे’ अशी आपली समजूत घालतो.

मात्र ही कथेची एकच बाजू झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अ‍ॅम्स्टरडॅम, केप टाऊन आणि इंग्लंडमधील लँकेस्टर येथील रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचे कॅमेऱ्यांतील चित्रीकरण तपासण्यात आले. दहापैकी नऊ प्रसंगांत किमान एक जण तरी मध्ये पडला होता आणि गर्दी जितकी अधिक, तितकी कोणीतरी पुढे येण्याची शक्यताही अधिक होती. म्हणजे गर्दी जन्मतः भित्री नसते. तिला पहिला माणूस हवा असतो.

जबलपूरशी जुळलेला धागा

१६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत चित्रपट पाहून परतणाऱ्या तरुणीवर धावत्या बसमध्ये अमानुष अत्याचार झाले. ती आणि तिचा मित्र जखमी अवस्थेत रस्त्याच्या कडेला पडले असताना कितीतरी वाहने न थांबता निघून गेली. त्यानंतर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा. ज्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपुरात आहे, त्याच न्यायालयात त्यांनी पूर्वी न्यायमूर्तिपद भूषविले होते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीचा १९९७ चा ‘विशाखा’ निकालही त्यांच्याच अध्यक्षतेखालील पीठाचा. समितीकडे सुमारे ८० हजार सूचना आल्या आणि अवघ्या महिनाभरात, २३ जानेवारी २०१३ रोजी, अहवाल सादर झाला. त्याच वर्षी कायदा बदलला; पाठलाग करणे, चोरून चित्रण करणे हे स्वतंत्र गुन्हे ठरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहेत.

कायदा कठोर झाला, हे योग्यच झाले. परंतु कायदा बहुधा घटना घडून गेल्यावर येतो. घटनेच्या क्षणी तेथे हजर असतो तो आपल्यासारखा सामान्य नागरिक.

मध्ये पडणे म्हणजे मारामारी नव्हे

‘आपण काय करणार?’ असे आपण म्हणतो, कारण मदत म्हणजे हातघाई अशी आपली कल्पना असते. तशी आवश्यकता क्वचितच भासते. एखादा इसम मुलीला त्रास देत असेल, तर त्याच्याशी न बोलता तिच्याशी बोलावे. ‘ताई, तुम्ही इथे आहात होय! घरची मंडळी पलीकडे वाट पाहत आहेत,’ एवढे एक वाक्य पुष्कळदा पुरेसे ठरते. त्रास देणाऱ्याला कळते की ती एकटी नाही.

आपण एकटे असू, तर दुसऱ्याला सोबत घ्यावे, आणि तेही ‘कोणीतरी या’ असे न ओरडता, ‘निळा सदरा घातलेले दादा, तुम्ही जरा माझ्याबरोबर चला, काकू, तुम्ही ११२ ला फोन लावा’ असे नेमके सांगून. वाटली गेलेली जबाबदारी अशा रीतीने पुन्हा एकेका माणसाच्या हाती येते. शस्त्र दिसले, तर मात्र अंतर राखून पोलिसांना बोलवावे. गाडीत असताना रेल्वेचा १३९ हा क्रमांक आणि एरवी महिलांसाठीचा १८१ हा क्रमांकही लक्षात ठेवावा.

मुलीला नजीकच्या उजेडाच्या, माणसांच्या जागी न्यावे, मग ते औषधांचे दुकान असो, रुग्णालय असो वा पहारेकरी असलेले एटीएम केंद्र. पुढे काय करायचे, हे तिला विचारावे. तिच्या वतीने परस्पर ठरवू नये. ‘एवढ्या रात्री कशाला आलीस?’ हा प्रश्न तर कटाक्षाने टाळावा.

घटनेचे चित्रण झाले असेल, तर ते तिला किंवा पोलिसांना द्यावे. २००८ च्या नववर्षाच्या पहाटे मुंबईत जुहू येथे जमावाने दोन महिलांचा विनयभंग केला, तेव्हा वृत्तपत्राच्या छायाचित्रकारांनी टिपलेली छायाचित्रेच तपासाच्या कामी आली. मात्र असे चित्रण मोबाइलवरून सर्वत्र पाठवणे हा तिच्यावर दुसरा अत्याचार होय. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे तर कायद्यानेही गुन्हा आहे.

वाचवणाराच अडचणीत येईल, अशी भीती अनेकांना वाटते. दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचा अधिकार न्याय संहितेच्या ३५ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. तो आवश्यकतेपुरताच वापरावा, एवढी मर्यादा त्यास आहे. हद्द कोणतीही असो, तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते. अत्याचारपीडितेवर तत्काळ आणि विनामूल्य उपचार करणे खासगी रुग्णालयांनाही बंधनकारक आहे.

यजमानांचे कर्तव्य

ज्यांच्या अंगणात लोक रात्री जमतात, त्यांचे उत्तरदायित्व अधिक आहे. इंग्लंडमधील लिंकनशायर येथे २०१६ मध्ये एक साधा उपक्रम सुरू झाला. उपाहारगृहात असुरक्षित वाटल्यास ग्राहकाने सेवकाकडे ‘अँजेला’ची चौकशी करावी, या सांकेतिक शब्दावरून सेवक तिला गाजावाजा न करता सुरक्षित बाहेर नेतो. आपल्याकडील गरबा मंडळांना आणि हॉटेलचालकांना असा एखादा संकेत ठरवणे अवघड नाही. ओळखू येणारे स्वयंसेवक, वाहनतळापर्यंत दिवे आणि रात्री घरी परतण्याची खात्रीची व्यवस्था एवढे केले, तरी पुष्कळ होईल.

जबलपुरात यंदाही मंडप उभे राहतील. नऊ दिवस आपण शक्तीपुढे हात जोडू. त्याच मंडपाबाहेरील गर्दीत एखादी मुलगी बावरलेल्या नजरेने इकडेतिकडे पाहताना दिसली, तर तिच्या दिशेने टाकलेले एक पाऊलही पूजाच ठरेल. ते पाऊल दुसऱ्या कोणी टाकण्याची वाट न पाहता आपणच टाकू या. आपल्यामागून इतर येतील.