स्नायू : ओढणे आणि सोडणे
दंडाची बेटकुळी फुगलेली दिसते तेव्हा आतला स्नायू मोठा झालेला नसतो. त्याची लांबी घटलेली असते आणि आकारमान जवळजवळ तेवढेच राहत असल्याने तो जाड दिसतो. माणसाच्या शरीरात असे ६००हून अधिक कंकाल स्नायू आहेत. प्रौढाच्या वजनात सुमारे ४० टक्के वाटा त्यांचा. बहुतेकांची टोके कंडरांमार्फत हाडात रुजलेली असतात. टाचेच्या वर मागच्या बाजूला चाचपले की जो कडक पट्टा हाताला लागतो, ती पोटरीच्या स्नायूंची कंडरा.

स्नायूला एकच काम येते, ओढण्याचे. जड दार लोटतानाही दंडाच्या मागचा स्नायू आखडून कोपर सरळ करतो, म्हणजे तोही ओढतोच. म्हणून सांध्यापाशी वाकवणारा आणि सरळ करणारा अशी जोडी लागते. एक आखडला की दुसऱ्याला सैल व्हावे लागते. हे सैल होणे वाटते तितके फुकटचे नाही.

स्नायू उकलत गेले की आधी तंतूंच्या जुड्या लागतात, मग सुटे तंतू. एक तंतू म्हणजे एकच पेशी, पण भलतीच : जाडी फार तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, लांबी काही स्नायूंत कित्येक सेंटिमीटर आणि केंद्रके शेकड्यांनी. अनेक पेशी एकजीव होऊन ती बनते, म्हणून ही गर्दी. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूवर फिकट-गडद आडवे पट्टे दिसतात. त्यांतला जेमतेम दोन-सव्वादोन मायक्रोमीटरचा एकेक टप्पा म्हणजे सार्कोमिअर. त्यात मायोसिन या प्रथिनाची जाड आणि ॲक्टिनची बारीक सूत्रे एकमेकांत शिरलेली असतात. आखडताना ही सूत्रे आक्रसत नाहीत, एकमेकांवरून सरकतात, हे १९५४ साली ‘नेचर’च्या एकाच अंकातल्या दोन निबंधांनी मांडले : एक अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. (हे दोन हक्सली एकमेकांचे कोणी लागत नव्हते.)

मज्जातंतूचा संदेश पोचला की तंतूभर विद्युत लहर धावते आणि आतल्या पिशव्यांतले कॅल्शियम मोकळे होते. ते ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटले की ॲक्टिनवरचा अडसर बाजूला सरतो. मग मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे धरतात. रस्सीखेचीत सगळे एकदम हात सोडत नाहीत, तसेच इथेही. मात्र पकड सुटायला प्रत्येक डोक्याला एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाचा नवा रेणू लागतो, आणि कॅल्शियम परत पिशव्यांत भरायलाही एटीपीच खर्ची पडते. मृत्यूनंतर एटीपी संपते, धरलेले सुटत नाही आणि काही तासांत देह ताठ होतो. पुढे प्रथिनांचेच विघटन होऊ लागले की तो पुन्हा सैल पडतो. उष्ण हवेत दोन्ही गोष्टी लवकर घडतात. मृत्यूची वेळ ठरवताना डॉक्टरांना हे ध्यानात घ्यावे लागते.

जोर कमी-जास्त करता येतो तो तंतूंच्या वाटणीमुळे. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत एका मज्जापेशीच्या ताब्यात मोजके तंतू असतात, पोटरीत ते हजाराच्या घरात जातात. काही तंतू मंद पण न दमणारे, काही जलद पण लवकर थकणारे; बहुतेक स्नायूंत दोन्हींची सरमिसळ असते. खर्चलेल्या ऊर्जेचा फार तर पाव भाग कामी येतो, बाकीची उष्णता होते. थंडीत भरणारी हुडहुडी हा त्याच उष्णतेचा उपयोग.

गड पाहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, त्याचे खापर चढणीवर आणि लॅक्टिक आम्लावर फुटते. आम्ल बिचारे तासा-दोन तासांत निघून गेलेले असते. खरा त्रास उतरणीचा. सिंहगडाची वाट उतरताना दर पावलाला मांडीचा पुढचा स्नायू आखडू पाहत असतानाच ताणला जातो. काही सार्कोमिअर त्यात विस्कटतात, सूज येते आणि दुखणे एक-दोन दिवसांनी शिगेला पोचते. दुरुस्तीसाठी तंतूंच्या कडेला निपचित असलेल्या उपग्रह पेशी जाग्या होतात. व्यायामाने वाढते ती मुख्यत्वे तंतूंची जाडी, संख्या नव्हे. वय वाढते तसे स्नायू घटतात आणि जलद तंतूंना त्याची झळ अधिक लागते. तरी वजन उचलण्याच्या व्यायामाला नव्वदीतले स्नायूही दाद देतात, हे १९९० साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनमधील एका अभ्यासात दिसून आले.