डायनमो वाजून राहिला

सिलेवानीच्या घाटात गाणी लावण्यात अर्थ नाही, असं माझ्या मामेभावाचं मत झालं होतं. सौंसरहून छिंदवाड्याकडे निघालेली त्याची गाडी रामाकोना सोडून चढाला लागली, की स्पीकरमधून एक बारीक शिट्टी सुरू व्हायची. गिअर खाली घेऊन इंजिनाने जोर धरला की ती वर चढायची, उतारावर पाय काढला की खाली यायची. गाडी बंद ठेवून नुसता टेप लावला, तर आवाज स्वच्छ. एका दुकानदाराने त्याला आधी नवे स्पीकर घ्यायला लावले, मग नवी वायर. नव्या स्पीकरवर शिट्टी आणखी स्पष्ट ऐकू येऊ लागली, एवढाच फरक पडला. शेवटी पांढुर्ण्याच्या एका वायरिंगवाल्याने बॉनेट न उघडताच दोनदा रेस द्यायला सांगितली, कान दिला आणि म्हणाला, "दादा, टेप नाही, तुमचा डायनमो वाजून राहिला."

निदान अचूक होतं, फक्त नाव जुनं होतं. ज्याला आपल्याकडे अजून डायनमो म्हणतात तो आता अल्टरनेटर असतो. क्रायस्लर कंपनीने १९६०च्या सुमारास तो आपल्या मोटारींत बसवायला सुरुवात केली आणि पुढे खरा डायनमो हद्दपार झाला. अल्टरनेटर तीन फेजची एसी वीज तयार करतो. बॅटरीला डीसी लागते, म्हणून त्याच्या पोटात सहा डायोड बसवलेले असतात. ते विजेची दिशा एक करतात, पण ती सपाट करत नाहीत. साधारण १४ व्होल्टच्या पातळीवर बारीक बारीक तरंग उरतात. यातले बरेचसे बॅटरी गिळते, सगळे नाही.

आता थोडा हिशेब. नेहमीच्या बारा पोलच्या अल्टरनेटरमध्ये एका फेऱ्याला असे ३६ तरंग उठतात. पुली लहान असल्यामुळे तो इंजिनाच्या अडीचपट वेगाने फिरतो असं धरू. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर शांत उभं असेल, तर तरंग होतात सेकंदाला १२००. चढावर २००० फेरे झाले की ३०००. म्हणजे शांत इंजिनाला षड्ज मानलं, तर चढावर गाडी तार सप्तकाच्या शुद्ध गंधारावर पोचते! आपला कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि शिट्टी जाऊन बसते ती नेमकी तिथेच. ती क्षीण असूनही डोकं का उठवते, त्याचं कारण हे.

पण बॉनेटखालचा तरंग गाण्यात शिरतो कसा? इथे 'अर्थ' लागतो, किंवा लागत नाही. घराचा अर्थ खरोखर जमिनीत पुरलेला असतो. गाडी रबरी टायरांवर उभी असते, तिचा जमिनीशी काही संबंध नाही. तिथे अर्थ म्हणजे गाडीची पत्र्याची बॉडी. बॅटरीची मायनस बॉडीला जोडतात आणि दिवा, हॉर्न, वायपर सगळ्यांची परतीची वीज त्या पत्र्यातून येते. अर्धी वायर वाचते. युक्ती नामी आहे, फक्त तिच्यात एक गृहीतक दडलंय: बॉडीचा प्रत्येक कोपरा विजेच्या दृष्टीने एकाच पातळीवर आहे.

तसा तो नसतो. आपल्या संत्र्याच्या बागांतल्या दोन विहिरी घ्या. दोन्हींचं पाणी समपातळीत असेल, तर मधे पाण्याने भरलेला पाइप टाकला तरी त्यातून काही वाहणार नाही. एकीचा उपसा सुरू झाला की पातळी हलते आणि पाइपातून पाणी धावू लागतं. गाडीत पहिली विहीर म्हणजे डॅशबोर्डमधल्या टेपचा अर्थ, दुसरी डिकीतल्या अँप्लिफायरचा अर्थ. मधला पाइप म्हणजे दोघांना जोडणाऱ्या आरसीए केबलची बाहेरची जाळी. बॉडी आणि जाळी मिळून एक वेटोळं पूर्ण होतं, त्याला ग्राउंड लूप म्हणतात.

अँप्लिफायर २० अँपिअर ओढत असेल आणि त्याच्या अर्थच्या जोडात ओहमचा फक्त दोनशेवा भाग एवढा अडथळा असेल, तरी दोन अर्थांत ०.१ व्होल्टचा फरक पडतो. हा फरक स्थिर राहिला असता, तर कानाला कळलाही नसता. पण त्याच्यावर अल्टरनेटरचे तरंग स्वार झालेले असतात. हळू आवाजात ऐकताना केबलमधून येणारं गाणं दहाएक मिलिव्होल्टचं असतं. त्यात दोन-चार मिलिव्होल्टचा तरंग मिसळला तरी पुरे, अँप्लिफायर दोघांनाही सारख्याच इमानाने मोठं करतो.

म्हणून शोध स्पीकरपासून करू नये. टेपचा आवाज शून्यावर आणा. तरीही शिट्टी तेवढीच राहिली, तर ती टेपच्या पुढे, केबल किंवा अँप्लिफायरच्या अर्थमधून शिरते आहे. आवाजाबरोबर तीही वाढत असेल, तर उगम अलीकडे आहे. अनेकदा तो लायटरच्या सॉकेटमध्ये खोचलेला मोबाइलचा चार्जर असतो: फोन चार्जिंगलाही आणि ऑक्स वायरलाही, की झालं वेटोळं तयार. चार्जर उपसला की शिट्टी गप्प. ब्लूटूथवर गाणी लावली तर तांब्याचा तो दुवाच राहत नाही.

आमच्या गाडीत आवाज शून्यावरही शिट्टी तशीच होती. मिस्त्रीने इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन अँप्लिफायरच्या अर्थवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर टेकवली. अँप्लिफायर जोरात वाजत असताना हा आकडा ०.१ व्होल्टच्या आत हवा. इथे तो बराच वर होता. डिकीचं मॅटिंग उचललं आणि कारण दिसलं: कोणीतरी अर्थची वायर पातळ पत्र्यात स्क्रूने पिळून बसवली होती, तीही रंगावरच. रंग वीज वाहून नेत नाही. जे काही जात होतं, ते स्क्रूच्या आट्यांतून आणि त्यांच्यावरच्या गंजातून.

दुरुस्ती बघण्यासारखी होती. जाड पत्र्याची जागा निवडून पॉलिश पेपरने ती पांढरीशुभ्र होईपर्यंत घासली. प्लसच्या वायरइतकीच जाड अर्थची वायर घेतली, हातभराहून लांब नाही. तिला थिंबल दाबून बसवलं, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावलं, कारण पावसाळ्यात डिकीत ओल येतेच. बॉनेटखालची बॅटरीपासून बॉडीला जाणारी पट्टीही सोडवून घासली. आरसीए केबल प्लसच्या वायरीसोबत एकाच बाजूने ओढली होती, ती दुसऱ्या बाजूला नेली.

बाजारात यावर आयसोलेटर नावाची डबी मिळते. तिच्यात एकमेकींजवळ दोन कॉइल असतात. गाणं एकीतून दुसरीत चुंबकीय क्षेत्रामार्फत उडी मारतं, फॅरडेने १८३१मध्ये दाखवलेल्या तत्त्वाने, आणि तांब्याची वाट तुटल्यामुळे वेटोळंही तुटतं. उपाय खरा आहे, पण स्वस्त डबीचा गाभा लहान असतो, त्यामुळे ढोलकीचा बेसच आधी कमी होतो. अर्थ दुरुस्त करून भागत नसेल, तरच ती घ्यावी, असं माझं मत. काही जण शिट्टी घालवायला केबलची जाळीच कापतात किंवा अँप्लिफायरचा अर्थ सोडून ठेवतात. हे मात्र अजिबात करू नका: अर्थ सुटला, तर परतीची सगळी वीज त्या नाजूक जाळीतून धावते आणि ती जळते. शिट्टीसोबत दिवेही मंदावत असतील आणि बॅटरी वारंवार उतरत असेल, तर अल्टरनेटरमधला एखादा डायोड गेला असण्याची शक्यता तपासा. तो दोष अर्थ घासून जाणार नाही.

हे दुखणं मोटारीतल्या संगीताइतकंच जुनं आहे. १९३०मध्ये शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी 'मोटोरोला' नावाचा मोटारीतला रेडिओ विकायला काढला, तेव्हा त्यांनाही इंजिनाच्या ठिणग्यांचा कडकडाट रेडिओतून बाहेर ठेवण्यासाठी झगडावं लागलं होतं.

मामेभावाची गाडी त्यानंतर तोच घाट चढून आली, मी मागच्या सीटवर होतो. शिट्टी नव्हती. बदलून टाकलेले जुने स्पीकर त्याने आता ट्रॅक्टरवर लावले आहेत. ते उत्तम वाजतात.