मनीची नखं

सोफा ओरबाडला म्हणून मनीला घराबाहेर काढायला निघालात होय रे? आधी इकडे या. झोपलीय, तोवर तिचा पुढचा पंजा बघून घ्या. दिसतंय नख? नाही ना? आता एक बोट वरून-खालून हलकेच दाबा. हं, आलं बघा बाहेर. पांढुरकं, आकड्यासारखं वाकडं. मुळाशी गुलाबी रेघ दिसते तिथे रक्त खेळतं. नखं कापताना ती सांभाळायची.

लोक म्हणतात, मांजर नखं लपवते. छे! नखांची जागा मुळात आतच. नख फुटतं ते बोटाच्या शेवटच्या पेरातून, आणि ते पेर रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या बंधांनी मागे ओढून धरलेलं असतं. गाढ झोपेतसुद्धा नखं आत राहतात ती त्यामुळेच. जोर लागतो तो बाहेर काढायला. पायातला स्नायू आखडतो, त्याची पंज्याखालून गेलेली दोरी ते पेर पुढे, खाली खेचते, की निघाली नखं! एरवी ती जमिनीला घासत नाहीत, म्हणून धार टिकते. शेजारचा मोती कुत्रा चालताना फरशीवर टकटक वाजतं ना? त्याची नखं कायम बाहेर, म्हणून बोथट.

मोजा बरं किती ती. पुढे पाच-पाच, मागे चार-चार, एकूण १८. पुढचा अंगठा जमिनीला टेकतच नाही. म्हातारपणी त्याचं नख वाढून पंज्याच्या गादीत रुतू शकतं, तेवढं बघत जा.

आता सोफ्याचं. नख थराथरांनी वाढतं. ओरबाडलं की वरचं जुनं टरफल गळतं नि खालून नवं टोक निघतं. सोफ्याखाली शोधा, सापडेल एखादं पोकळ टरफल. शिवाय पंज्यातल्या ग्रंथींचा वास तिथे लागतो. ‘ही जागा माझी’ असं सांगणं ते.

झाडावर ती सरसर चढते नि उतरताना अडते, तेही नखांमुळेच. ती मागे वळलेली, डोकं खाली केलं की रुतणार कशी? शेपटीकडून उतरावं लागतं बिचारीला. आपल्या ईशान्येकडचा ढगाळ बिबट्या मात्र मागचे घोटे वळवून खुशाल डोकं खाली करून उतरतो.

परदेशात काही जण मांजराची नखंच काढून घेत. म्हणजे शेवटचं पेरच छाटायचं! न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली, उत्तम केलं. तुम्ही सोफ्याशेजारी काथ्या गुंडाळलेला ओंडका उभा करा. मनी पूर्ण ताणून उभी राहील एवढा उंच हवा, आणि डुगडुगता कामा नये.