माथ्यावरचे ओझे आणि अण्णासाहेब पाटील

दरवर्षी जूनमध्ये आम्ही मुलांकडून माहितीचा फॉर्म भरून घेतो. गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलाने वडिलांच्या व्यवसायापुढे 'व्यापार' असे लिहिले. त्याचे वडील कंधारच्या मोंढ्यात हमाली करतात, हे आम्हाला ठाऊक होते. बाजूला घेऊन विचारले, तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "सर, हमाल लिहिलं की पोरं हसतात."

त्या दिवशी आम्ही धडा बाजूला ठेवला आणि वर्गाला अण्णासाहेब पाटलांची हकीकत सांगितली.

अण्णासाहेबांचा जन्म २५ सप्टेंबर १९३३ चा. गाव सातारा जिल्ह्यातील मंद्रुळकोळे, तालुका पाटण. पोटासाठी ते मुंबईला आले आणि बंदरालगतच्या दारूखान्यात ओझी वाहू लागले. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. आपण त्यालाच हमाल म्हणतो.

त्या काळी माथाडी दिवसभर दहा दुकानांचा माल चढवी-उतरवी, पण त्याचा मालक मात्र कोणीच नसे. पाठ मोडली, तर विचारणारे कोणी नव्हते. सुट्टी, बोनस, म्हातारपणाची पुंजी हे शब्द त्याच्यासाठी नव्हतेच. गोदी कामगारांसाठी १९४८ साली कायदा झाला होता. गोदीच्या भिंतीबाहेर तसेच ओझे उचलणारा मात्र वाऱ्यावर होता.

अण्णासाहेबांनी या विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्या आणि १९६० च्या दशकात माथाडींची युनियन उभी केली. मोर्चे, संप, वाटाघाटी झाल्या. अखेर १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला.

या कायद्याची युक्ती साधी आहे. मालक अनेक असल्याने मध्ये एक मंडळ ठेवले. त्यात कामगार, मालक आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी असतात. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्हीही द्यायची. मजुरी कामगाराला मंडळाकडून मिळते. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी सुट्टी, दवापाणी यांची सोय होते. मुकादमाच्या मर्जीवर चालणारा हिशोब असा कागदावर आला.

अण्णासाहेब पुढे विधान परिषदेचे आमदार झाले. मराठा समाजातील गरिबांना आरक्षण मिळावे म्हणून २२ मार्च १९८२ रोजी त्यांनी मुंबईत मोठा मोर्चा काढला. मागणी मान्य झाली नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. जीव ही अमानत आहे, म्हणून हा शेवट आम्हाला पटत नाही, आणि वर्गातही आम्ही तसेच सांगितले. पण त्यांनी मिळवून दिलेला कायदा आजही हजारो घरांची चूल पेटती ठेवतो.

मग कंधारच्या त्या घराचे काय? दोन वर्षांपूर्वी मुलाचे वडील फळीवरून पोत्यासकट घसरले. दीड महिना अंथरुणावर होते. मजुरी बंद. अम्मीच्या शिलाई मशीनवर घर चालले. त्यांची नोंदणी कुठेच नव्हती, म्हणून हक्कही नव्हता. कायदा होता, पण त्यांच्यापर्यंत तो पोहोचलाच नव्हता.

मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडते. आम्हाला वाटते, त्या मजुरीत त्याचे आजारपण आणि म्हातारपणही धरले पाहिजे. आपल्यापैकी जे व्यापारी आहेत, त्यांनी आपल्या हमालांची नोंदणी करावी. ज्यांच्या घरी हमाली आहे, त्यांनी आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि फोटो घेऊन नांदेडच्या कामगार कार्यालयात चौकशी करावी. अर्ज लिहायला अडचण असेल, तर गावातल्या शिक्षकाला हाक मारा.

पालक सभेला चार हमाल बाप आले होते. त्यांचे कागद आम्ही जमवत आहोत. नोंदणी अजून झालेली नाही, खेटे चालू आहेत. तो मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी फॉर्म परत मागायला आला. 'व्यापार' खोडून त्याने स्वच्छ अक्षरात 'हमाली' लिहिले.