ईदची नानखटाई, सगळ्यांसाठी एकच

रमजानचे शेवटचे दिवस आले की मोहल्ल्यातल्या बेकरीत घरोघरच्या नानखटाईचे ट्रे यायला लागतात. पीठ घरचं, तूप घरचं, भट्टी फक्त बेकरीची. आमच्या घरचे ट्रेही वर्षानुवर्षं तिथेच भाजून यायचे. आता येत नाहीत, कारण घरातल्या धाकट्या मुलीला सिलिॲक आजार आहे आणि बेकरीच्या भट्टीत मैद्याचा कण उडाल्याशिवाय राहत नाही.

या आजाराचं नाव अजून बऱ्याच घरांत माहीत नाही. गहू आणि जवामध्ये ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. सिलिॲक असलेल्या माणसाने ते खाल्लं की त्याच्याच शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अस्तर खराब झालं की अन्न अंगी लागत नाही. मूल खातं, पण वाढत नाही. पोट फुगतं, जुलाब होतात. काहींना पोटाचा काहीच त्रास नसतो, फक्त रक्त कमी असतं आणि लोहाच्या गोळ्यांनी ते वाढत नाही. औषध नाही, आयुष्यभर ग्लूटेन बंद, हाच इलाज. शंका असेल तर आधी डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी करून घ्या. त्याआधीच पोळी बंद केली तर तपासणीत आजार लपून जाऊ शकतो.

आणि मग ईद येते. फुफी, खाला, शेजारच्या भाभी, सगळ्यांचा जीव तुटतो. "एकच खा गं बेटा, ईद आहे. एवढ्याशाने काय होतंय?" होतं. पोट दुखलं नाही तरी आत इजा होते. प्रेमाने पुढे केलेला हात मागे सारणं सहा-सात वर्षांच्या पोरीला किती जड जातं, ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

अशा मुलासाठी पुष्कळ घरांत वेगळा छोटा डबा ठेवतात. आम्हाला ते पटत नाही. एक तर दस्तरखानवर सगळी भावंडं एका ताटातून घेत असताना एकाने आपला डबा उघडून बसायचं, याला ईद म्हणवत नाही. दुसरं, एकाच स्वयंपाकघरात मैद्याचं पीठही मळलं जाणार असेल तर वेगळ्या डब्याचा भरवसा नाही. चाळणी तीच, परात तीच, हातही तेच. त्यापेक्षा सगळ्यांसाठी एकच, बिनगव्हाची नानखटाई करावी. काम कमी, धास्तीही कमी.

खरी अडचण पिठाची. बेसन आणि तांदूळ मुळात ग्लूटेनमुक्त, पण गिरणीत तुमच्या तांदळाआधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात. म्हणून तांदूळ धुऊन, सुकवून घरच्या मिक्सरमध्ये दळावेत, किंवा ‘ग्लूटेन-फ्री’ छापलेलं पाकीट घ्यावं. आपल्याकडे असं छापायचं तर एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. "मैदा नाही घातला, रवा घातलाय" असं सांगणारे भेटतात. रवा, लापशी, नेहमीच्या शेवया, सगळा गहूच. हलीममध्येही गहू असतो.

आता कृती. 150 ग्रॅम बेसन मंद आचेवर कोरडंच सहा-सात मिनिटं परतून पूर्ण गार करा. त्यात 100 ग्रॅम बारीक तांदळाचं पीठ, पाव चमचा खाण्याचा सोडा, वेलची आणि चिमूटभर मीठ घालून चाळा. 140 ग्रॅम घट्ट तूप आणि 125 ग्रॅम पिठीसाखर हलकी पांढरी होईपर्यंत फेसा, त्यात पीठ मिसळा. मैद्याच्या पिठासारखं हे एकजीव होत नाही, ठिसूळच राहतं. म्हणून गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर नानखटाई भट्टीत पसरते. लहान गोळे करून वर पिस्ता दाबा, 160 अंशांवर 18 ते 20 मिनिटं भाजा. ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ पसरून, स्टँडवर ताटली ठेवून, झाकण लावून मंद आचेवर पंचवीसेक मिनिटं. गरम असताना हात लावू नका, भुगा होईल. ट्रेमध्येच गार होऊ द्या. पंचवीस-तीस होतात.

केकला मात्र अंड्यांचा आधार लागतो, शिवाय चमचाभर इसबगोल. तांदळाचं पीठ कचकच लागू नये म्हणून मिश्रण अर्धा तास भिजू द्यावं. शीरखुर्म्याला तांदळाच्या शेवया चालतात, फक्त त्या वेगळ्या उकडून अगदी शेवटी दुधात सोडायच्या.

कोकणातल्या घरांना हे सगळं नवीन वाटायचं कारण नाही. त्यांचं सांदण तांदूळ आणि नारळाचंच असतं.

शेजाऱ्यांची ताटं आली की ती वेगळ्या टेबलावर ठेवावीत आणि आपल्या डब्याला आपलाच चिमटा. पाहुण्यांच्या मुलांनी बिस्किटाचे हात डब्यात घालण्याआधी निम्मी नानखटाई कपाटात वर ठेवलेली बरी.