अंगी न लागणारे जस्त

१९५८ साली इराणातील शिराज शहरी एकवीस वर्षांचा जो रुग्ण डॉ. आनंद प्रसाद यांच्यापुढे आणण्यात आला, त्याची उंची व अंगकाठी जेमतेम दहा वर्षांच्या मुलाची होती. यौवनाचे एकही लक्षण शरीरावर उमटले नव्हते, यकृत व प्लीहा वाढली होती, आणि आहार म्हणाल तर गव्हाची रोटी व जोडीला माती. बक्सरला जन्मलेल्या व अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेल्या या वैद्याला त्या मुलाच्या अंगातील रक्ताच्या तुटीचे कारण लोहाच्या अभावात सहज सापडले. परंतु लोह कमी पडल्याने तारुण्यच अडून राहावे, याला प्राण्यांवरील प्रयोगांत दाखला मिळेना. जस्ताच्या बाबतीत मात्र तो मिळत होता.

काळी बुरशी जस्तावाचून नीट वाढत नाही, हे पाश्चरचे शिष्य रोलें यांनी १८६९ सालीच दाखवले होते. तरीही मनुष्याला त्याची वाण पडेल, हे विद्वानांना पटत नव्हते. जस्त तर सर्वत्र असते, गव्हातही असते, हा त्यांचा युक्तिवाद. तो सकृद्दर्शनी बिनतोड होता, आणि म्हणूनच घातक. धान्याच्या कोंड्यातील फायटिक आम्ल आतड्यात जस्ताला असे जखडते की जणू त्याची जप्तीच होते. ताटात असलेले अंगी लागतच नाही. प्रौढ शरीरातील अवघे दोन-तीन ग्रॅम जस्त शेकडो विकरांचा कारभार चालवते, पेशींचे विभाजन त्याच्यावाचून अडते, आणि अडीनडीसाठी त्याचा राखीव साठा असा शरीर करीत नाही.

पुढे इजिप्तमध्ये प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच खुंटलेल्या मुलांच्या रक्तात व केसांत जस्ताची न्यूनता सिद्ध केली, आणि जस्त देताच ती मुले उंच होऊ लागली, वयात आली. थांबलेले आयुष्य पुन्हा चालू झालेले ज्यांनी पाहिले, त्या वैद्यांचा मला आजही हेवा वाटतो. मनुष्याच्या आवश्यक पोषक द्रव्यांत जस्ताची अधिकृत नोंद अमेरिकेत व्हायला तरी १९७४ साल उजाडले.

आपल्याकडे कडधान्यांना मोड आणतात, पीठ आंबवतात. त्याने फायटिक आम्ल घटते व जस्ताची काही अंशी सुटका होते. केवळ भाकरी-पोळीवर निर्वाह करणाऱ्या घरी तेवढ्याने भागेलच असे नाही. अतिसारात तर हे द्रव्य शरीरातून वाहूनच जाते. म्हणून सहा महिन्यांवरील बालकाला क्षारसंजीवनीसोबत रोज २० मिलिग्रॅम जस्त देण्याची पद्धत आहे, आणि जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवसांच्या गोळ्या पुऱ्या कराव्यात, असा गावोगावच्या आरोग्यसेविकांचा, म्हणजे आशाताईंचा, आग्रह असतो.